खडक कोणत्या बलाने वाकला आणि कोणत्या बलाने तुटला, हे जागेवर कसं ओळखायचं

माथेरानच्या कड्यांवर बेसॉल्टचे थर आडवे दिसतात. तिथून पश्चिमेला उतरून पनवेल ओलांडलं की दख्खनचे थर समुद्राकडे कलायला लागतात. मुंबई परिसरात हा कल साधारण १० ते १५ अंशांपर्यंत जातो. लाव्हा एवढ्या उतारावर थांबून गोठला म्हणून हे झालेलं नाही. थर तयार झाल्यावर कवचाचा हा किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण पट्टाच वाकला. भूशास्त्रात त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. रोज लोकलने जाणारे लाखो लोक या वाकलेल्या कवचावरून ये-जा करतात.

असा वाकलेला, तुटलेला किंवा सरकलेला खडक समोर आला की त्यावरून बलाची दिशा कशी काढायची, ते या लेखात पायरीपायरीने मांडलं आहे. भूशास्त्राचे विद्यार्थी, घाटवाटा फिरणारे, स्थापत्य अभियंते आणि स्पर्धा परीक्षेसाठी ‘वली आणि प्रस्तरभंग’ पाठ करून कंटाळलेले, सगळ्यांनाच हे जमण्यासारखं आहे. आग्रह एकच: रचनेला नाव देण्याआधी तिची दिशा मोजा. नाव पुस्तकातही सापडेल, पण तुमच्या समोरच्या खडकाची दिशा फक्त त्या खडकावरच सापडते.

आधी थोडं बलाबद्दल

जमिनीखालच्या कुठल्याही बिंदूवर सगळीकडून दाब असतो. बेसॉल्टची घनता पाण्याच्या सुमारे २.९ पट आहे. त्यामुळे एक किलोमीटर खोलीवर नुसत्या वरच्या खडकाच्या वजनानेच दर चौरस सेंटिमीटरवर २८० ते २९० किलो भार येतो. हा दाब सगळ्या बाजूंनी सारखा असेल तर खडक थोडा आवळला जाईल, पण त्याचा आकार बिघडणार नाही. आकार बिघडतो तो फरकामुळे. एका दिशेला दाब जास्त, दुसरीला कमी, तिसरीला दोन्हींच्या मधला, आणि या तिन्ही दिशा एकमेकींना काटकोनात. आपण जागेवर जी शोधाशोध करणार आहोत ती या तीन दिशांची.

ज्याला आपण ‘ताण’ म्हणतो, तो कवचात बहुतेक वेळा खरंखुरं ओढणं नसतो. एका बाजूचा दाब सैल पडतो आणि खडक त्या बाजूला पसरतो. अगदी पृष्ठभागाजवळ मात्र खरा ताणही येतो आणि तिथे खडक फार लवकर हार मानतो. खडकाची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या भागाइतकीच असते. म्हणून उघड्या खडकावर सगळ्यात जास्त दिसतात त्या भेगा.

बल तेच असलं तरी खडक कधी तुटतो, कधी वाकतो. थंडीत गुळाची ढेप फोडायला हातोडी लागते, उन्हात ठेवलेली तीच ढेप बोटाने दबते. खडकाचंही तसंच आहे, फक्त तापमानाचे आकडे मोठे. खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढतं. सुमारे ३०० अंशांना क्वार्ट्‌झ हळूहळू वाहू लागतो. म्हणजे साध्या खंडीय कवचात १० ते १५ किलोमीटरच्या खाली खडक तुटण्याऐवजी घन अवस्थेतच ओघळतो. त्याच्या वर तो तडकतो, घासतो, सरकतो, आणि भूकंप होतात ते बहुतेक याच वरच्या भागात.

आणखी एक गोष्ट म्हणजे वेळ. डोंगर उभे राहणाऱ्या पट्ट्यांत खडकाचा आकार ज्या वेगाने बदलतो, त्या वेगाने १० लाख वर्षांत सुमारे ३० टक्के बदल होतो. प्रयोगशाळेत एवढाच बदल तासाभरात घडवायला गेलं तर तोच खडक फुटतो. हिमालयातल्या चुनखडीच्या वळ्या (वली, म्हणजे घडी पडल्यासारखे वाकलेले थर) पाहून ‘एवढा कठीण दगड वाकला कसा’ असा प्रश्न पडतो, त्याचं अर्धं उत्तर या संथपणात आहे. उरलेलं उत्तर उष्णता, चहूबाजूंचा दाब आणि खनिजांच्या फटींतलं पाणी यांत आहे.

घरी करून पाहा: वाळूची पेटी

बाहेर पडण्याआधी हा प्रयोग एकदा जरूर करा. पुढचे सगळे कोन त्यातून डोळ्यांत बसतात. जुनी काचेची माशांची टाकी घ्या. आत नीट बसेल अशी, टाकीच्या उंचीची एक प्लायवुडची फळी एका टोकाशी उभी करा. बारीक चाळलेली, पूर्ण कोरडी वाळू एक सेंटिमीटर पसरा, त्यावर रांगोळीचा पातळ रंगीत थर, पुन्हा वाळू, पुन्हा दुसऱ्या रंगाची रांगोळी. असे चार-पाच थर करा आणि ते दाबू नका. आता फळी अगदी सावकाश आत ढकला. काचेतून बघत राहिलात तर आधी फळीजवळचा भाग किंचित फुगेल, मग एक तिरपी रेषा उमटेल आणि तिच्यावरचे थर वर चढतील. या रेषेचा आडव्याशी कोन मोजा, तो ३० अंशांच्या आसपास येतो. आणखी ढकललं की तिच्या पुढे दुसरी रेषा उमटते. हिमालयाच्या पायथ्याशी एकापुढे एक उमटलेल्या भंगांची, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या पातळ्यांची, मांडणी अशीच आहे.

थर पुन्हा नव्याने घाला आणि या वेळी फळी बाहेर ओढा. आता वाळू खाली खचते आणि रेषा उभट येतात, ६० अंशांच्या जवळपास. वाळू ओली असेल तर कण चिकटतात, कोन बदलतात आणि प्रयोग फसतो. कोपऱ्यात काचेला घासणारी वाळू मागे रेंगाळते, म्हणून कोन मोजायचा तो टाकीच्या मधल्या भागात, वरून दिसणारी रेषा आणि काचेतली रेषा ताडून.

सोबत काय घ्यायचं

क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजणारं साधन) असलेला कंपास, १० पट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, पाण्याची बाटली, पेन्सिल आणि कडक पुठ्ठ्याची वही. मोबाइलवर नती, म्हणजे थराचा कल, मोजणारी अ‍ॅप्स चांगली आहेत, पण फोनचा कंपास प्रत्येक जागी आधी तपासून घ्या. बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिजं भरपूर असतात आणि सुई खडकाला टेकवली की काही वेळा बरीच अंश भरकटते. सोपा उपाय असा: खडकाला टेकवून एक वाचन घ्या, मग दोन-तीन मीटर मागे सरकून त्याच दिशेने नेम धरून दुसरं घ्या. फरक पडला तर दुसरं वाचन खरं माना. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे ती दुरुस्ती सोडून दिली तरी चालते.

हातोडा शक्यतो नकोच. किल्ले, लेणी आणि अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारख्या जागी तर अजिबात नको. घाटरस्त्याच्या दरडीखाली पावसाळ्यात उभं राहू नका, आणि वाहतुकीकडे पाठ करून वाचन घेऊ नका.

पायरी १: मुळात आडवं काय होतं ते शोधा

खडक किती वाकला हे सांगायला तो आधी कसा होता ते माहीत हवं. गाळाचे खडक बहुतेक आडवेच साचतात. दख्खनच्या पठारावर हे काम लाव्हाच्या थरांवरून करायचं. प्रत्येक थराचा माथा पोकळ्यांनी भरलेला, बऱ्याचदा लालसर आणि चुरा झाल्यासारखा असतो. पोकळ्यांत पांढरे झिओलाइट किंवा कॅल्साइट भरलेले दिसतात. मधला भाग घट्ट, काळसर. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो, त्याला रेड बोल म्हणतात. हा पट्टा लांबून ओळखू येतो, म्हणून मोजमापाला तो सर्वांत सोयीचा. कसारा घाटाच्या परिसरात काही थरांत सेंटिमीटरमध्ये मोजावे लागतील एवढे मोठे फेल्डस्पारचे स्फटिक आहेत. असा वेगळा ओळखू येणारा थर दरीच्या दोन्ही अंगांना सापडला तर दोन्हीकडची उंची ताडून पाहता येते.

एक सावधगिरी. पाहोएहोए (पातळ वाहून गुळगुळीत गोठणाऱ्या) प्रकारच्या लाव्ह्यात लहान फुगवट्यांचा पृष्ठभाग मुळातच १०-१५ अंश कललेला असू शकतो. एका फुगवट्यावर कंपास ठेवून ‘थर वाकला’ असं म्हणू नका. शंभर-दोनशे मीटर लांबीचा पट्टा पाहा.

पायरी २: नती आणि नतिलंब मोजा

कललेल्या पृष्ठभागावर थोडं पाणी ओता. पाणी ज्या दिशेने धावतं ती नतीची, म्हणजे डिपची दिशा. आडव्या पातळीशी तो पृष्ठभाग किती अंशांचा कोन करतो तो नतीचा कोन. पाण्याच्या धारेला काटकोनात, त्या पृष्ठभागावर काढलेली आडवी रेषा म्हणजे नतिलंब, कॉलेजात सगळे स्ट्राइक म्हणतात ती. वहीत तिन्ही लिहा, उदाहरणार्थ ‘नतिलंब ३५०, नती १२ अंश, पश्चिमेकडे’. दिशेचं अक्षर लिहायचं राहिलं तर घरी आल्यावर आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

नवशिक्यांची वाचनं सगळ्यात जास्त चुकतात ती रस्त्याच्या कापावर. डोंगर कापून काढलेल्या सपाट भिंतीवर थराची जी तिरपी रेषा दिसते, तिचा कोन म्हणजे खरी नती नव्हे. समजा थराची खरी नती ३० अंश आहे आणि भिंत नतिलंबाशी ३० अंशांचा कोन करते. मग भिंतीवर तो थर फक्त १६ अंश कललेला दिसेल. भिंत नतिलंबाला समांतर असेल तर तोच थर चक्क आडवा दिसेल. म्हणून भिंतीवरून कोन वाचू नका. थराचा खरा पृष्ठभाग थोडा तरी बाहेर आलेला असतो, तिथे वही टेकवा आणि वहीवर कंपास ठेवा. तसं काही सापडलं नाही तर वेगळ्या दिशेने कापलेली दुसरी भिंत शोधा. दोन भिंतींवरच्या दोन रेषांतून खरी पातळी काढता येते.

पायरी ३: भेगा वेगळ्या करा

दख्खनमध्ये भेगांचा सुकाळ आहे, आणि त्यातल्या बहुसंख्य भेगांचा भूकवचातल्या मोठ्या बलांशी काही संबंध नाही. हे मनावर ठसवून घ्यायला हवं, कारण कड्यावर चीर दिसली की लगेच ‘भूकंपाची भेग’ अशी बातमी होते.

लाव्हा थंड होताना आकुंचन पावतो आणि आतल्या आत ताण निर्माण होतो. तो सगळ्या आडव्या दिशांना सारखा असल्यामुळे भेगा पाच-सहा बाजूंची जाळी करतात आणि खडक खांबांत विभागला जातो. गिल्बर्ट हिल आणि कोल्हापूर जिल्ह्यातलं बांदिवडे इथले खांब असेच झाले. खांबांवरून आपल्याला हव्या त्या तीन दिशा कळत नाहीत. थर कोणत्या पृष्ठभागापासून थंड होत गेला एवढंच कळतं, कारण खांब थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात.

वेगळं काढायची कसोटी सोपी आहे. भेग एका थरातच सुरू होऊन त्याच थरात संपते का? तर ती बहुधा थंड होण्याची. ती लाल पट्टा कापून वरच्या-खालच्या थरांत सरळ जाते, आणि पुढच्या नाल्यात, पलीकडच्या टेकडीवर त्याच दिशेच्या भेगा पुन्हा भेटतात? तर ती कवचातल्या बलाची. मग अशा किमान ३० भेगांच्या दिशा लिहून घ्या. त्याखेरीज खाणीत सुरुंगाच्या छिद्रातून फाकलेल्या ताज्या भेगा, झिजेने सुटणारे गोलाकार पापुद्रे आणि कड्याच्या काठाला समांतर सुटणारे फाळके, हे तीनही बाजूला ठेवा. कड्याकाठचे फाळके बलाच्या अभ्यासात निरुपयोगी असले तरी तिथे दरड कोसळण्याचा धोका असतो, म्हणून ते कुठे दिसले ते ग्रामपंचायतीला जरूर सांगा.

पायरी ४: सरकलंय का?

भेगेच्या दोन्ही बाजू जागच्या जागी असतील तर ती साधी संधी, म्हणजे जॉइंट. बाजू सरकल्या असतील तर तो प्रस्तरभंग. सरकणं सिद्ध करायला दोन्ही बाजूंना ओळखू येणारी एकच खूण लागते: लाल पट्टा, डाइक (भेगेत शिरून गोठलेल्या लाव्हारसाची भिंत), क्वार्ट्‌झची शीर, किंवा वेगळ्या रंगाचा थर. ती खूण भेगेच्या पलीकडे किती आणि कुठे गेली ते मोजपट्टीने मोजा.

भंगाच्या पातळीवर बऱ्याचदा घासून गुळगुळीत झालेली चकचकीत पाटी आणि तिच्यावर समांतर ओरखडे सापडतात. त्यांना स्लिकनसाइड म्हणतात. ओरखडे भंगाच्या उतारावर वरून खाली असतील तर सरकणं उभं, आडवे असतील तर आडवं, तिरके असतील तर दोन्ही मिळून. आता डोळे बंद करून ओरखड्यांच्या रेषेत तळवा फिरवा. एका बाजूने हात सहज जातो, उलट फिरवला की कॅल्साइटच्या बारीक पायऱ्या बोटांना अडतात. हात ज्या दिशेने सहज जातो, त्या दिशेने समोरचा, म्हणजे आता तिथे नसलेला, खडक सरकलेला असतो. एकाच पाटीवर विसंबू नका. पाच-सात जागी हात फिरवा आणि सरकलेल्या खुणेशी मेळ घाला, कारण झिजेमुळेही खोट्या पायऱ्या तयार होतात.

भंगाची पातळी तिरपी असेल तर तिच्यावर रेललेला तो वरचा गठ्ठा आणि तिच्याखाली असलेला तो खालचा गठ्ठा. वरचा गठ्ठा खाली घसरला असेल तर सामान्य भंग, वर चढला असेल तर उत्क्रम भंग, आणि दोन्ही बाजू आडव्या सरकल्या असतील तर पार्श्वसर्पी भंग.

पायरी ५: भंगावरून दिशा काढा

स्कॉटलंडचे भूशास्त्रज्ञ ई. एम. अँडरसन यांनी १९०५ साली मांडलेला विचार आजही क्षेत्रकामात पहिला हात देतो. जमिनीच्या वर हवा आहे, आणि हवा खडकाला घासून ओढू शकत नाही. म्हणून पृष्ठभागाजवळ तीन मुख्य दिशांपैकी एक उभीच असणार आणि उरलेल्या दोन आडव्या. उभी दिशा कोणती, यावर भंगाचा प्रकार ठरतो.

सर्वाधिक दाब उभा असेल, म्हणजे वरचं वजनच सगळ्यात मोठं असेल, तर खडक बाजूला पसरतो आणि सुमारे ६० अंशांचे सामान्य भंग होतात. सर्वात कमी दाब उभा असेल तर खडकाला वर जायला वाव असतो. तो आडवा दाबला जाऊन सुमारे ३० अंशांच्या उत्क्रम भंगावर वर चढतो. मधला दाब उभा असेल तर भंगाची पातळी जवळजवळ उभी आणि सरकणं आडवं. वाळूच्या पेटीत दिसलेले कोन हेच. ताजा खडक सर्वाधिक दाबाच्या दिशेशी साधारण ३० अंशांचा कोन करून तुटतो. हा कोन ४५ अंश नसून ३० च्या आसपास येतो, कारण तुटलेल्या पातळीवरचं घर्षणही ओलांडावं लागतं.

महाराष्ट्रातल्या दोन भूकंपांनी हे जिवंत दाखवून दिलं. भारतीय प्लेट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकते आणि हिमालयाशी अडते. त्यामुळे द्वीपकल्पाच्या पोटात साधारण उत्तर-दक्षिण ते ईशान्य-नैऋत्य असा आडवा दाब साचलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. तो उत्क्रम भंगावरचा होता. खडक दोन बाजूंनी दाबला जाऊन वर चढला, आणि गावाजवळच्या शेतांमध्ये जमीन तुटक तुटक उचलली गेली.

त्याआधी ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा धक्का बसला, तो उत्तर-ईशान्य दिशेच्या जवळजवळ उभ्या भंगावर, आडव्या सरकण्याचा. डाव्या हाताला सरकणारा, म्हणजे भंगाच्या एका बाजूला उभं राहून पाहिलं तर पलीकडची बाजू डावीकडे गेली. दाब प्लेटचाच, पण कोयनेत जुना भंग तयार होता आणि त्याची दिशा वेगळी होती. भर पडली ती धरणाच्या पाण्याची. पाणी फटींत मुरलं की फटीतला दाब वाढतो, भंगाच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर आवळून धरणारा दाब तेवढा कमी होतो आणि आधीच ताणात असलेला भंग सुटतो. पुढे कोयना परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) लागला. भूकंप होतात ते याच खालच्या जुन्या खडकात.

यावरून क्षेत्रकामासाठी शिकायचं ते असं: मोजलेला कोन ६० किंवा ३० पासून फार दूर असेल तर अँडरसनचं चुकलं असं समजू नका. आधी ‘हा भंग जुना आहे आणि नव्या दाबाने पुन्हा जागा झालाय का’ असं विचारा. महाराष्ट्राच्या पोटातले बरेच भंग बेसॉल्टच्या आधीचे आहेत.

पायरी ६: डाइककडे वेळ काढून पाहा

मला दख्खनमध्ये सर्वांत विश्वासाचा साक्षीदार वाटतो तो डाइक. लाव्हारस खालून वर येताना खडक फाडत येतो, आणि ज्या बाजूला दाब सर्वात कमी, त्या बाजूला खडक फाकवणं त्याला सोपं जातं. म्हणून डाइकची पातळी सर्वात कमी दाबाच्या दिशेला काटकोनात असते. एवढं एक वाचन घेतलं की दिशा हातात.

ओळखायला भिंत शोधा. आजूबाजूचा खडक झिजतो आणि डाइक भिंतीसारखा उरतो. धुळे-नंदुरबारमध्ये अशा भिंती कित्येक किलोमीटर सरळ जातात. काठाजवळ जा. काठाचा दगड लवकर गोठल्यामुळे अगदी बारीक कणांचा असतो, मध्याकडे कण मोठे होत जातात. भिंगाखाली हा बदल हाताच्या अंतरात दिसतो. आणि डाइकमधले खांब आडवे असतात, दोन्ही काठांना काटकोनात.

धुळे-नंदुरबारच्या डाइक साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य दिशेने धावतात, म्हणजे त्या भागात कवच उत्तर-दक्षिणेच्या जवळपास पसरलं. कोकण किनाऱ्यालगतच्या डाइक मात्र मुख्यतः उत्तर-दक्षिण आहेत, म्हणजे तिथे पसरणं पूर्व-पश्चिम झालं. सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटून अरबी समुद्र रुंदावत गेला, त्या घडामोडींशी हे जुळतं, आणि सुरुवातीला पाहिलेलं पनवेल फ्लेक्शरही याच दिशेत बसतं. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर ही गरम पाण्याची ठिकाणं नकाशावर मांडा. तीही किनाऱ्याला समांतर उत्तर-दक्षिण पट्ट्यात येतात, कारण खोलवर गेलेलं पाणी अशाच उभ्या भेगांतून परत वर येतं.

पायरी ७: वळ्या, आणि त्यांच्यासाठी दख्खन सोडून जावं लागतं

बेसॉल्ट उथळ आणि थंड कवचात राहिला. त्यामुळे तिथे खऱ्या घट्ट वळ्या शोधूनही मिळणार नाहीत. त्यासाठी गोव्यात, सिंधुदुर्गात रेडीकडे, किंवा नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज पट्ट्यात मनसरच्या बाजूला जावं लागतं. गोव्यातले पट्टेदार लोहखनिजाचे खडक २५० कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यातला लोहाचा काळा-तांबडा आणि सिलिकाचा फिका पट्टा एकाआड एक येत असल्यामुळे वळी अगदी नेमकी दिसते. सक्रिय खाणीत परवानगीशिवाय जाऊ नका. परवानगी मिळाली तरी हेल्मेट घाला आणि कड्यापासून लांब राहा.

वळीसमोर चार गोष्टी करा. एक, ती वर फुगलेली आहे की खाली खोलगट, म्हणजे अपनती की अभिनती. दोन, दोन्ही बाजूंच्या पंखांची नती आणि नतिलंब. तीन, वळणाच्या कण्यातून जाणारी रेषा, म्हणजे वळीचा अक्ष, कोणत्या दिशेला जातो. साध्या वळीत सर्वाधिक दाब या अक्षाला काटकोनात असतो. गोव्यातल्या खडकांचा एकूण कल वायव्य-आग्नेय आहे, त्यावरून मुख्य दाब ईशान्य-नैऋत्य होता असं म्हणता येतं. पण तिथे वळ्यांवर पुन्हा वळ्या पडल्या आहेत. एका टेकडीवरून सगळ्या गोव्याचा निकाल लावू नका.

चौथी गोष्ट बहुतेक जण सोडतात, ती म्हणजे आखडणं. एकच पातळ पट्टा निवडा. त्याच्या वळणावळणांवरून एक सुतळी टाका आणि सुतळीची लांबी मोजा. मग तिच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजा. सुतळी पाच मीटर आणि सरळ अंतर साडेतीन मीटर भरलं, तर तो खडक किमान ३० टक्के आखडला. किमान एवढ्यासाठी, की वाकण्याआधी थर थोडे जाडही झालेले असतात आणि ते सुतळीला कळत नाही. आधी सांगितलेल्या संथ वेगाने हा हिशेब १० लाख वर्षांच्या घरात जातो.

त्याच जागी कठीण आणि मऊ थरांकडे शेजारी शेजारी पाहा. कठीण थर ठळक, गोलसर वळतो. मऊ थर त्याच्या खाचांत दाबला जाऊन वळणाच्या टोकाशी जाड आणि पंखांवर पातळ होतो. पंखांच्या दिशेने ताणलेला कठीण थर काही जागी तुकड्यातुकड्यांत सुटलेला दिसतो आणि मधल्या फटींत क्वार्ट्‌झ भरलेला असतो. म्हणजे एकाच वेळी, एकाच दाबाखाली, एक थर वाहत होता आणि दुसरा तुटत होता. तुटणं आणि वाकणं या दोन वेगळ्या युगांच्या घटना असतात असं समजणाऱ्याने ही जागा पाहावीच.

पायरी ८: क्रम लावा, मग आकृती काढा

जे कापतं ते नंतरचं, जे कापलं जातं ते आधीचं. डाइकने वळी कापली असेल तर वळी आधीची. भंगाने डाइक सरकवली असेल तर भंग नंतरचा. वहीत प्रत्येक जागेसाठी एवढी एकच ओळ लिहिली तरी घरी बसून क्रम उभा राहतो. क्रम लावण्याआधी सगळ्या दिशा एकत्र मिसळू नका. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा दाब, दख्खनच्या काळातलं पसरणं आणि आजचा प्लेटचा दाब हे तीन वेगळे प्रसंग एकाच टेकडीवर सापडू शकतात. शिवाय उघड्या खडकावरची रचना आजचा दाब सांगत नाही. तो भूकंपांच्या नोंदींवरून आणि विंधनविवरांतल्या चाचण्यांवरून मोजावा लागतो.

भेगा आणि डाइक यांच्यासाठी रोझ आकृती पुरे. वर्तुळ १०-१० अंशांच्या घरांत विभागा आणि प्रत्येक घरात किती वाचनं आली तेवढ्या लांबीची पाकळी काढा. दोन ठळक पाकळ्या एकमेकींशी सुमारे ६० अंश करत असतील आणि त्या भेगा एकाच वेळच्या असतील, तर त्या कोनाच्या मधोमध सर्वाधिक दाबाची दिशा असण्याची शक्यता मोठी. नती असलेल्या पातळ्यांसाठी मात्र स्टिरिओनेट (तिरप्या पातळ्यांची दिशा आणि कोन एका वर्तुळावर मांडायची जाळी) शिकून घ्या. मोफत अ‍ॅप आहेत, पण पहिली दहा वाचनं ट्रेसिंग पेपरवर हाताने मांडा, म्हणजे अ‍ॅपने चूक केली तर ती लक्षात येईल.

निष्कर्ष लिहिण्याआधी लोणार आठवा. तिथे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराच्या काठावर बेसॉल्टचे थर चहूबाजूंनी बाहेरच्या दिशेला कललेले आहेत, काही जागी तर उलटलेही आहेत. प्लेटचा दाब असं करू शकत नाही. अशनी आदळला आणि क्षणात थर उचलले गेले. घसरलेल्या दरडीतले मोठे ठोकळेही असेच कललेले सापडतात. त्यामुळे एका ठोकळ्यावर मोजलेली नती शेजारच्या पक्क्या खडकाशी जुळत नसेल तर ती खोडा.

प्रत्येक जागेचा फोटो मोजपट्टी आणि उत्तर दिशेच्या बाणासह घ्या, आणि अक्षांश-रेखांश लिहून ठेवा. घाटरस्ते रुंद होताना कापांवर जाळ्या आणि काँक्रीटचा फवारा बसतो. दरडी रोखायला तो हवाच, पण गेल्या वर्षी दिसणारा भंग यंदा त्याखाली झाकला गेलेला असतो. म्हणून जवळच्या घाटात नवा काप निघाल्याचं कळलं की पहिल्याच कोरड्या रविवारी, काम थांबलेलं असताना आणि ठेकेदाराच्या माणसाला विचारून, कंपास घेऊन तिथे जा.